पाव आटा

जानेवारीत वाळवंट समुद्र ओलांडून येतं
आणि मिंदेलोत घरोघरी मुक्काम टाकतं.
कपबशीत, बिजागरीत, दाढेखाली.
टेपरेकॉर्डरात तर हमखास.
म्हणून झाकण उघडल्यावर मी फुंकर मारत नाही;
फुंकलं की धूळ आत पळते.
बाबांनी पहिलं शिकवलं ते हे:
मऊ कुंचला, वरून खाली, श्वास धरून.

न्या इलिदियानं डेक आणला तो डोक्यावरून,
मासळीची पाटी आणावी तसा, चुंबळीवर.
म्हणाली, मध्येच रडतो. मग थांबतो.

स्क्रू सहा; त्यातला एक नव्हताच.
आतला पट्टा वितळून डांबर झालेला,
कप्पीला लगडलेला,
शिवाल त्याला आपलंसं करणारा.
स्पिरिटचे बोळे एकामागून एक काळे.
मग हेड. त्यावर तांबूस पुट,
म्हणजे फितीवर जे होतं
आणि आता नाही, ते.
हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.
रबरी चाक चकचकीत झालेलं. चकचकीत म्हणजे वाईट,
रबराला जरा खरखर हवी, नाहीतर फीत निसटते.
पॉलिशपेपरवर घासलं.
नवा पट्टा चढवला (लिस्बनहून येतात,
दहातले चार आखूड निघतात, भांडायचं कुणाशी).
चाचणीची कॅसेट लावली. सूर सरळ.
झालं काम, असं मला वाटलं.

तिनं पिशवीतून स्वतःची कॅसेट काढली.
निळ्या शाईत रॉटरडॅम, १९७८. बाकी पुसलेलं.
बटण तिनंच दाबलं.

एक पोरगा बोलायला लागला.
पातळ आवाज, धाप लागल्यासारखा,
थंडीबद्दल, बुटांबद्दल,
भातात साखर घालणाऱ्या जहाजावरच्या आचाऱ्याबद्दल.
न्या इलिदिया माझ्याकडे बघायला लागली,
तिच्या खुर्चीत मी परका आणून बसवल्यासारखी.
हा कोण?

मी समजावलं. पट्टा सैल होता, कित्येक वर्षं.
सैल पट्ट्यावर आवाज जाड होतो, संथ होतो,
माणूस विचार करून बोलतोय असं वाटतं.
खरा वेग हा. बाविशीतला असेल ना?
तेवीस, ती म्हणाली.
मग बराच वेळ नुसती मोटर.

चाळीस वर्षं मी त्या दुसऱ्याला विचारून सगळं केलं.
छप्पर घातलं. पोरीचं लग्न.
तो शब्द तोलून टाकायचा.
हे पोर तर माझ्या नातवाएवढं.
जुना पट्टा घाल परत.

जुना पट्टा डब्यात होता, बोळ्यांना चिकटून.
तो आता कुणाचा पट्टा नव्हता.

मोटरच्या पाठीला एक भोक असतं,
आत इवलासा स्क्रू, घड्याळजीचा पेचकस लागतो.
बाबा म्हणायचे, त्याला हात लावायचा
तो चाचणीच्या सुरावर कान ठेवून,
मनाला येईल तसा नाही.
मी चाचणीची कॅसेट खणात टाकली.
डावीकडे किंचित. पोरगा जरा थोराड झाला.
आणखी किंचित. आवाजाला मिसरूड फुटली.
तिच्या तोंडाकडे बघत पाव आटा,
पाव आट्याचाही पाव,
आचाऱ्याची साखर भातात हळूहळू विरघळेपर्यंत.

हं, ती म्हणाली. हा.

त्याचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.
पैसे निम्मेच घेतले,
चुकीच्या वेगाचे पुरते कसे घेणार?
डेक तिच्या डोक्यावर चढवायला हात दिला.
उतारावरून गेली, मान न हलवता.

बोटांचं काळं तीन दिवस निघालं नाही.

फळीवर बाबांचीही एक कॅसेट आहे,
माईक तपासताना बोललेले, एक, दोन, तीन,
आणि खोकला.
रविवारी मी ती ऐकते. फार शांत माणूस वाटतो.
त्या डेकच्या पाठीमागचं भोक
मी अजून उघडलेलं नाही.