दोर धरणारी

व्हॅनचं डावं दार फक्त बाहेरून उघडतं,
म्हणून रोज इद्वल आधी उतरतो,
बोनेटला वळसा घालून येतो
आणि मला दार उघडून देतो. राणीला द्यावं तसं.
गावात लोक हसतात.
आत चेन-ऑइलचा, ओल्या कुत्र्याचा वास,
डॅशबोर्डवर पावत्या, कानस, जोडी हरवलेला हातमोजा.
मागे करवती : मोठी, मधली,
आणि कंबरेला लटकवायची ती छोटी,
जिला तो कुणाला हात लावू देत नाही.
त्यामागे फांद्या खाणारा चिपर. चढावर आम्ही त्याला ओढतो,
उतारावर तो आम्हाला ढकलतो.

तो वर, मी खाली. ठरलेलं आहे.
फांदी सुटली की तिचं वजन
बुंध्याभोवतीच्या तीन वेढ्यांतून
माझ्या तळव्यापर्यंत येतं,
आणि मी ती उतरवते
गाडीत झोपलेलं मूल उचलून आणावं तशी.
एक शिट्टी म्हणजे थांब. दोन म्हणजे सोड.
तीन अजून कधी वाजलेल्या नाहीत.

पूर्वी आम्ही झाडांचे डॉक्टर होतो.
ओकची मेलेली बोटं छाटायची,
चॅपलमागच्या यूचा भार हलका करायचा,
सफरचंदाची जट सोडवायची.
गेले चार हिवाळे फक्त अ‍ॅश.
शेंड्याकडून खाली वाळत येतो हा रोग,
आणि लाकडाचा पापड होतो.
गेल्या वर्षी जिच्यावर उभं राहता आलं असतं
ती फांदी आज करवतीच्या थरथरीनेच मोडते.
म्हणून इद्वल आता अ‍ॅशवर चढत नाही.
पाळणागाडी आणतो, दिवसाला तीनशे ऐंशी पौंड.
"एकसष्टाव्या वर्षी पाळण्यात घातलं मला," म्हणतो,
आणि पाळण्याचा कठडा घट्ट धरतो,
जो माणूस झाडावर कधी काही घट्ट धरत नसे.

मंगळवारी ग्वेनलियन प्रोसरच्या आवारात होतो.
ती खिडकीत उभी, घरातच कोट घालून,
जणू झाडाबरोबर तिलाही निघायचं होतं.
साडेअकराला करवत किंचाळली. ठिणग्या.
एक शिट्टी.
खोडाच्या पोटात लोखंड होतं :
साखळीला साखळी भिडली होती,
आमचीचे दात गेले, झाडाचीला ओरखडाही नाही.
इद्वल वरून वेल्शमध्ये जे बोलला
ते इथे लिहिण्यासारखं नाही,
पण म्हातारीला समजलं, आणि ती बाहेर आली.

"झोपाळ्याची असेल ना?" मी विचारलं,
आवाज जरा मऊ करून.
"कसला झोपाळा! बैलाची.
एकदा त्याने ती तोडली आणि नवीन पोस्टमनच्या मागे लागला.
तो ह्याच झाडावर चढला. बैलाला गोठ्यात नेलं
तरी दोन तास उतरेना. म्हणाला, चढता येतं, उतरता येत नाही.
शेवटी बाबांनी दोर टाकला.
दोर मी धरला होता."
थोडं थांबून म्हणाली,
"जड होता. पुढे चोपन्न वर्षं तसाच."
आणि चहा ठेवायला आत गेली.

इद्वलने तिसरी साखळी चढवली,
लोखंडाला वळसा घालून कापलं.
कड्या अडकलेली चकती दारापाशी ठेवली, पैसे त्याचे वेगळे लावले नाहीत.
बाकीचं झाड चिपरने चार तासांत खाल्लं.

निघताना तिने हात केला.
मध्ये आता काहीच नव्हतं,
म्हणून रस्त्यावरूनही दिसला.
मी बोटं उघडून पाहिली : तळव्यावर दोराचा पीळ
तांबडा उमटलेला, रोजच्यासारखा.
इद्वल बोनेटला वळसा घालून आला.
दार उघडताना त्याचा गुडघा वाजला, सुक्या काडीसारखा.
मी ऐकलं नाही असं दाखवलं.
त्यानेही.