सतरा तारखेची प्रत

झोना फ्रांकातल्या दुकानात मी मोबाईल विकते,
एवढ्यावरून आमच्या गल्लीचा पक्का समज
की कुठल्याही यंत्राचं पोट मला उघडता येतं.
म्हणून शनिवारी एलिसेओ दारात. टोपी हातात,
कारण पुन्ता अरेनासच्या वाऱ्यात
टोपी डोक्यावर ठेवणं म्हणजे ती दान करणं.
"सगळं गेलं," म्हणाला.
माझ्या पोटात धस्स झालं. वाटलं, निदिया.

गेले होते बुकमार्क.
एक जुनी खूण पुसायला गेला
आणि अख्खा फोल्डर पुसून बसला.
मग घाबरून ब्राउझर बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला,
जणू शटर वरखाली केलं की दुकानात माल येतो.

सोळा वर्षांच्या खुणा. त्यानं बोटांवर मोजून दाखवल्या:
बोटींच्या इंजिनांचे सुटे भाग, सामुद्रधुनीच्या भरतीचं कोष्टक,
गुडघ्याचे व्यायाम,
क्रोएशियातल्या कुठल्याशा बेटावरचं चर्च,
जिथल्या वहीत आजोबांचं नाव असावं असं त्याला वाटतं,
आणि एक माणूस, जो नुसती कुलपं उघडून दाखवतो.

"जाऊ दे की," चुलीपाशी रुबार्ब चिरता चिरता निदिया म्हणाली,
"पुन्हा शोधता येतं सगळं."
"शोधायला आधी आठवावं लागतं."

मी म्हटलं, घाबरू नका.
हे यंत्र अधूनमधून गुपचूप एक प्रत काढून ठेवतं,
वर तारीख घालून, कुणी न सांगता.

सुरी थांबली.

आजची प्रत उघडली: रिकामी. कालची: रिकामी.
मधले दिवस यंत्र बंदच, ती दोघं लेकीकडे पोर्वेनीरला होती.
मग एकदम सतरा तारीख. चारशे बारा खुणा.
"सतराच्या पुढची नाही का एखादी?"
निदियानं सहज विचारलं. इतकं सहज
की मी मान वळवून बघितलं.
"वीस? एकवीस?"
नाही.

ब्राउझरनं विचारलं: आत्ताचं सगळं पुसून
त्या दिवसासारखं करू का?
असं कुणी माणसांना विचारत नाही.
मी हो म्हटलं.

आलं. कोष्टक आलं, गुडघे आले, आजोबांचं बेट आलं,
कुलूपवाला आला. एलिसेओ एकेक नाव मोठ्यानं वाचत होता,
शाळेत हजेरी घेतात तसा.
आणि तळाशी एक फोल्डर: शिवणकाम.
निदियानं मशीन बहिणीला देऊन दोन हिवाळे झाले.
माझा हात घसरला, किंवा मीच घसरू दिला.

ऑसोर्नोत एकट्यासाठी खोली, सामानासह.
ऑसोर्नोत खोली, स्वयंपाकघर सामाईक.
ऑसोर्नोची बस, मंगळवार, सकाळी आठ.

मी पटकन बंद केला.
एलिसेओ चष्मा पुसत होता.
काच एवढी मळलेली नव्हती.

त्यानं चुलीवर किटली ठेवली.
"मंगळवारची गाडी बंद झाली," तो किटलीलाच म्हणाला.
"आता शुक्रवारीच असते. अर्ध्या अर्जेंटिनाला वळसा.
बत्तीस तास. पाय सुजतात."

रुबार्बवर तिनं वाटीभर साखर घातली.
मग आणखी एक वाटी, जी लागणार नव्हती.
"ते मी एकोणीसलाच पुसलं होतं."
"हो. पाहिलं होतं."

यापुढचं मला सांगता येणार नाही.
मी कोट चढवत होते, आणि पुन्ता अरेनासमध्ये
कोट चढवायला वेळ लागतो, तो मी सगळा घेतला.
निघताना निदियानं मागच्या वर्षीच्या मुरांब्याची बाटली दिली
आणि माझी बाही जरा जास्तच वेळ धरली.
कोपऱ्यावर वाऱ्यासाठी बांधलेला दोर एका हातात,
बाटली दुसऱ्या.

उद्या यंत्र आजची प्रत काढील.
तिच्यात चारशे बारा असतील की चारशे नऊ,
मी विचारायला गेले नाही.
बाटली रिकामी झाली आहे. धुऊन ठेवली आहे.
परत तर करायलाच हवी.