निरगाठ

सूरच्या दवाखान्यात एसी इतका गार
की जेलची बाटली मी आधी काखेत धरून ठेवते.
तरी सांगते, थंड लागेल हं.
तरी सगळे दचकतात.

याकूब होडेकर दचकला नाही.
मूळ दाभोळचा, सव्वीस वर्षं लाकडी जहाजांवर.
मांडीच्या मागे गाठ.
"दोर घासून आली असंल, बाय.
तीन वर्षं हाय. दुखत नाय."

दुखत नाही हे वाक्य
मला कधीच आवडलेलं नाही.

सकाळपासून चार चरबीच्या गाठी झाल्या होत्या,
त्यातली एक पाणी पोचवणाऱ्या पोऱ्याच्या खांद्यावर,
कातडीलगत, चपटी, आत आडव्या बारीक रेघा,
प्रोबखाली साळसूदपणे दबणारी.
अशा वेळी मी काही बोलत नाही, बोलायचं नसतं,
पण माझे खांदे सैल पडतात
आणि माणसं ते वाचतात.

याला पालथा झोपवला.
कातडी, चरबी, मग स्नायूवरचं आवरण,
ताणलेल्या शिडाच्या काठासारखी चकचकीत पांढरी रेघ.
गाठ तिच्या वर असायला हवी होती.
खोली वाढवली. अजून वाढवली.
सहा पूर्णांक चार सेंटिमीटर.
करडी, मध्येच काळी,
एका अंगाला कड सापडेना.
दाबून पाहिली, दबली नाही.
डॉप्लर लावला:
लाल, निळं, परत लाल,
कुणी न आखलेल्या वाटा, थेट मधोमध.

"सुरगाठ हाय का निरगाठ?"
उशीत तोंड खुपसून त्यानं विचारलं.
मला दोरीतलं कळत नाही, म्हटलं.
तर पालथ्यानंच हात लांबवून
पडद्याच्या दोरीला, न बघता,
त्यानं दोन गाठी मारल्या.
"ही वढली का सुटते.
ही वढशील तेवढी बसते."

मी ओढत नाही, याकूबभाई.
मी फक्त आत आवाज सोडते
आणि परत येईल तो मांडून ठेवते.
नाव ठेवायचं काम सुईचं.
डॉक्टर बद्रिया आल्या, उभ्यानंच पाहिलं,
प्रोब स्वतः हातात घेतला, बराच वेळ.
कागदावर लिहिलं: मस्कत. एमआरआय. मग तुकडा काढून तपासणी.

पुसायला मी टिश्यू दिले.
त्यानं एकच घेतला, बाकीचे घडी करून परत ठेवले.
"सोमवारी जहाज निघतंय बोसासोला.
आल्यावर बघू मस्कतचं."

जे सांगायची मुभा माझ्या खुर्चीला नाही
ते सगळं वगळून
जेवढं उरलं तेवढं मी बोलले:
सोमवारी जाऊ नका.

त्यानं तोंडाकडे पाहिलंच नाही.
खांद्यांकडे पाहिलं.
मग लुंगी नीट करत विचारलं,
मस्कतची बस कुठनं सुटते.