नायलॉन की लोखंड

वॉल्विस बे. सकाळचे आठ, तरी धुकं असं
की समोरचा मासळीचा कारखाना नुसत्या वासावरून ओळखायचा.
फेस्टस शिलोंगोने टेम्पोची मागची फळी पाडली
आणि म्हणाला, न्दापेवा, आधी फाटक हाताने ढकल.
मोटार आळशी माणसाची चाकरी करते,
आळशी फाटकाची नाही.

ढकललं. तीन मीटरवर अडलं.
रुळात वाळू, वाळूत वाळलेला खेकडा.
पूर्वेचं वारं सुटलं की अख्खं वाळवंट
या गल्लीतून समुद्राकडे निघतं
आणि जाता जाता प्रत्येकाच्या रुळात मुक्काम टाकतं.
तासभर झाडत होतो.

मग टानी कॉर्नेलियाच्या टेबलावर, टोस्टांच्या बशीशेजारी,
त्याने दातपट्टीचे दोन तुकडे ठेवले.
एक काळा, नायलॉनचा, पोटात लोखंडाची कांब.
एक जस्त चढवलेला, जड, थंडगार.
दोघांचे दात एका मापाचे, गरारीला कोणीही चालेल.
"तुमचं फाटक हलकं, अडीचशे किलोसुद्धा नाही.
नायलॉन घ्या. खारं धुकं त्याला खात नाही.
आवाज नाही. मांजर आल्यासारखं उघडेल."

टानीने काळ्या दातांवरून चमचा ओढला. कंगवा.
मग लोखंडावरून. बशी थरथरली.
भिंतीवर कॅलेंडर, दोन तारखांना गोल.
"रेजिनाल्डची बोट पहाटे तीनला लागते, कधी चारला.
आजवर तो हाताने ढकलायचा, शिव्या घालत.
आता खिशात रिमोट असणार.
मांजर आल्यासारखं उघडलं
तर मला कळायचं कसं?"

फेस्टस गंजाबद्दल बोलला. चार वर्षं, फार तर पाच.
"मग चार वर्षांनी तुला काय दुसरं काम आहे?"

लोखंड.

फाटक बंद केलं, पहिला तुकडा गरारीवर टेकवला,
बुडबुडा मधोमध येईपर्यंत श्वास धरला.
स्क्रू लांबट भोकाच्या बरोबर मध्ये:
"उद्या वर-खाली सरकायला जागा असू दे."
वेल्डिंग का नाही, मी विचारलं.
"वेल्डिंग जस्त जाळतं. आणि चूक कायमची करतं."

दुसरा तुकडा मी नुसता टोकाला टोक लावणार होते.
त्याने तिसरा घेतला, पालथा,
आणि जोडावर खालून चाववला,
अलीकडचे पलीकडचे दात एकाच जबड्यात.
सांधा किती ते आपण नाही ठरवायचं, म्हणाला.
सहा तुकडे, पाच सांधे. पाचव्याला मी एकटी होते
आणि त्याने पाहिलंसुद्धा नाही. याचा मला आनंद झाला की राग आला,
अजून ठरलेलं नाही.

शेवटी सगळे स्क्रू ढिले केले,
अख्खी पट्टी दोन मिलिमीटर वर उचलून पुन्हा आवळली.
"फाटकाने आपल्या चाकांवर चालावं,
मोटारीच्या मानेवर बसू नये."
मी त्या फटीत एक नाणं घालून पाहिलं. गेलं.
ग्रीसचा डबा उघडला, तो त्याने मिटवला.
इथे नको. ग्रीस वाळू धरतं, मग दातांची कानस होते.

टानी आत गेली, दार लावलं, पलंगावर आडवी झाली.
"चालू दे!"
फाटक गडगडत गेलं, गडगडत आलं.
"पुन्हा! खिडकी लावलीय!"
पुन्हा.
मग आतून, जरा हळू: "आता मला न सांगता."

फेस्टस रिमोटवर अंगठा ठेवून उभा राहिला.
एक मिनिट. दोन.
खाडीवरून कुठल्याशा बोटीचा भोंगा आला.
पुढचं काम नाराव्हिलला होतं, उशीर होत होता,
मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने मान हलवली, अजून नाही.
त्याच्या भुवयांवर धुक्याचे थेंब जमले.
पाचव्या मिनिटाला त्याने बटण दाबलं.

फाटक अर्ध्यावरही नव्हतं
तोच आत सपाता वाजल्या
आणि भर सकाळी
स्वयंपाकघरातला दिवा लागला.