दुपारी तीनचा कोंबडा

डोरीन निवृत्त झाली तेव्हा
खुर्चीवरची गादी तिच्याच आकाराची उरली.
बावीस वर्षं. डलुथ गावात कुणाची भट्टी कधी बिघडते,
कुणाचा चेक परत येतो, कुणाचा कुत्रा चावतो,
सगळं तिच्या डोक्यात. कागदावर काहीच नाही.

नव्या माणसाचा हिशेब मी पेन्सिलीने मांडला:
पगार, विमा, आजारपणाची रजा,
एक टेबल, एक हीटर, नाताळात एक टर्की.
बेरीज पाहिली आणि पेन्सिल कानावर ठेवून दिली.
मेव्हणा म्हणाला, अरे, आता माणूस ठेवत नाहीत,
माणसाचे तास घेतात.

तसे मी रोडोराचे तास घेतले.
आठवड्याला तीस, डुमागेटेहून.
नकाशात बोट ठेवलं तर बोटाखाली समुद्रच जास्त.
आमच्याकडे सकाळचे नऊ, तिकडे रात्रीचे अकरा.
ती फोन उचलते: हॉगस्टॅड हीटिंग, बोला,
घरात आत्ता किती अंश आहेत?
बर्फ तिने आयुष्यात पाहिलेला नाही,
पण उणे तीसमध्ये कोणता पाइप आधी फुटतो
ते माझ्याआधी सांगते.
डोरीनचं अख्खं डोकं तिने महिन्याभरात
एका तक्त्यात उतरवून काढलं.
कुत्र्यांना वेगळा रकाना.

तक्रार एकच आली, मिसेस क्विस्टची:
तुमच्या ऑफिसात कोंबडा आहे का हो?
दुपारचे तीन. तिकडे पहाटेचे पाच.
मी लिहिलं, कृपया कोंबड्याचं बघा.
तिने लिहिलं, सॉरी सर, शेजाऱ्यांचा आहे, खिडकी लावून घेते.
मग कधी ऐकू आला नाही.
त्या उकाड्यात खिडकी लावून बसायचं म्हणजे काय,
मी विचारलं नाही.
हिशेबात तो रकाना नव्हता.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी
जायला जागा न मिळाल्यासारखा फोन
डोरीनच्या टेबलावर वाजायला लागला.
बातम्यांत पाच सेकंद दाखवलं:
पांढरा, गरगरता भोवरा,
मी बोट ठेवलं होतं नेमका तिथे.

फाइल उघडली.
नाव. बँकेचा नंबर. तास.
बस, एवढंच.
भट्टी बंद पडली की लोक मला फोन करतात.
मी कुणाला करायचा?

चार दिवस मीच फोन घेतले.
एकदा चुकीच्या घरी गेलो, एकदा बरोबर घरी
आणि तिथल्या कुत्र्याने पोटरी धरली.
तक्त्यात त्याचं नाव होतं. लाल अक्षरांत.
रात्री त्या गादीवर बसलो, दुसऱ्याच्या खड्ड्यात,
आणि एक ओळ लिहिली: ठीक आहेस ना?
पाठवली. पुन्हा पाठवली.

पाचव्या दिवशी, दुपारी तीनला,
आधी नुसती खरखर, जनरेटरसारखं काहीतरी,
मग ती:
सर, चार दिवसांचे तास वजा करा.
छप्पर गेलं. लॅपटॉप तांदळाच्या पिंपात होता, वाचला.
मिसेस क्विस्टचा फिल्टर मंगळवारी बदलायचा होता,
बदलला का?

नव्हता बदलला. खरं ते सांगितलं.
मग दोघंही गप्प.
आणि मागे, उघड्यावरून
(खिडकीच उरली नसावी)
तो आरवला.

सॉरी सर, म्यूट करते.
राहू दे, मी म्हणालो.
आणि अडखळत, सत्तावन्न वर्षांचा मी,
जणू पहिल्यांदाच कुणाच्या तळघरात उतरतोय:
घरी कोण कोण असतं तुझ्या?

ती थांबली.
बहुतेक बघत असावी,
हा प्रश्न कोणत्या रकान्यात टाकायचा.