इतर, कृपया नमूद करा

एचआरच्या मृण्मयी कुदळेचा फॉर्म आलाय :
तुम्ही ऑफिसला चालत का येता?
आरोग्य. बचत. पर्यावरण. इतर.
एकावरच टिचकी मारायची.

खरं सांगायचं तर स्कूटर बंद पडली होती.
गणेश मळ्यातला मेकॅनिक म्हणाला, "उद्या देतो, मॅडम,"
आणि त्याचा उद्या बावीस दिवस चालला.
त्याच्याबरोबर मीही चालले.

दत्तवाडी ते लॉ कॉलेज रोड.
पहिल्या आठवड्यात म्हात्रे पूल फार लांब होता.
दुसऱ्या आठवड्यातही तेवढाच होता,
मीच घड्याळ बघायची थांबले.
खाली नदी, म्हणजे नदी म्हणायचं म्हणून,
नाकाला ओढणी लावून ओलांडायची.
पण मधल्या एका दगडावर रोज तोच पाणकावळा
पंख वाळत घालून बसलेला,
सोसायटीची नोटीस न वाचलेला.

फुटपाथबद्दल फॉर्ममध्ये रकानाच नाही.
तो मेहेंदळे गॅरेजपाशी संपतो, कारण न देता,
आणि डीपीच्या पेटीमागून पुन्हा उगवतो.
मधली चाळीस पावलं मी रस्त्यावर
आणि रस्त्यावरच्या गाड्या फुटपाथवर.
एकदा एकाला हात आडवा केला.
"काकू, घाई आहे."
म्हटलं, मलाही आहे, म्हणून तर चालतेय.

नळ स्टॉपला माणसांचा हिरवा दिवा नऊ सेकंद.
आवक-जावकचे खळदकर, दोन्ही गुडघ्यांसकट,
सातव्या सेकंदाला जेमतेम दुभाजकाशी पोचायचे.
मग मी हळू चालायला लागले,
त्यांना कळू न देता,
म्हणजे चपलेचा बंद उगाच नीट करत.

तिथून ऑफिसपर्यंत बाराशे पावलं.
तेवढ्यात, रोज थोडं थोडं,
मुलाचा घटस्फोट,
कारलं कडू लागू नये म्हणून काय करायचं,
बायको गेल्यापासून दोन खोल्यांत
दोन रेडिओ लावून ठेवतात, ते.
अठरा वर्षं आमची टेबलं शेजारी होती.
यातलं मला काहीही माहीत नव्हतं.

टिचकी कुठे मारू?
बचत म्हणावी तर वाटेत पेरू घेते.
आरोग्य म्हणावं तर टाच दुखते.
सोनमोहराचा पिवळा सडा पडला
की त्यावर पाय द्यायला जीव होत नाही,
कडेकडेनं जाते.
त्याला पर्यावरण म्हणत असतील तर असो.

फॉर्मच्या तळाशी, बारीक अक्षरांत :
एक तारखेपासून कार्यालय खराडीला हलत आहे.
बसची सोय केली जाईल.
चालण्याची आवड असणाऱ्यांसाठी
सहाव्या मजल्यावर ट्रेडमिल आहे.

खळदकर मार्चमध्येच रिटायर झाले.
स्कूटर आता एका बटणात सुरू होते.

'इतर'वर टिचकी मारली.
पुढच्या चौकटीत चाळीस अक्षरं मावतात.
लिहिलं : ऑफिस जवळ होतं.

मग 'होतं' खोडून 'आहे' केलं.
अजून अकरा दिवस आहेत.