चौऱ्याण्णव आणि एकेचाळीस

पहिल्यांदा चौऱ्याण्णव आलं.
शंभर गिगाबिटच्या कार्डाने याहून काय द्यावं?
तेरहिक्कीने कॉफी ओतली
आणि उगाच, हात शिवशिवले म्हणून,
तीच चाचणी पुन्हा चालवली.
एकेचाळीस.

तीच केबल. तेच दोन सर्व्हर. तोच कर्नल.
मधे फक्त एक घोट.

ही हकिकत काइनूमधल्या एका नदीकाठची.
कागदाची गिरणी बंद पडली, आणि तिच्या लांबलचक दालनात
आता सर्व्हरची कपाटं उभी आहेत.
बाहेर उणे एकोणतीस, आत पंख्यांची घरघर.
भिंतींना अजून ओल्या लगद्याचा वास येतो म्हणतात.
मला कधी आला नाही.

पुरतं बिघडलेलं यंत्र सरळ असतं,
पडून राहतं, उघडू देतं.
हे मात्र आत्ता तुपाशी, दहा मिनिटांनी उपाशी,
आणि कपाळावरचा हिरवा दिवा तसाच.

केबल बदलली. एकोणचाळीस.
स्लॉट तपासला, सोळाच्या सोळा मार्गिका जाग्या.
फर्मवेअर नवं चढवलं. त्र्याण्णव!
आम्ही टाळ्या वाजवल्या.
मग बेचाळीस.
प्रोसेसरला डुलकी घ्यायची मनाई केली,
बफर दुप्पट केले,
वाटेत पडलेल्या पॅकेटांचा हिशेब काढला, तर शून्य.
दाराला कुलूप, चोर नाही,
आणि अर्धं घर रिकामं.
पाणी कुठेतरी मुरत होतं.
रेइमा म्हणाला, "सरासरी अडुसष्ट लिहून टाक ना."
तेरहिक्कीने त्याच्याकडे असं पाहिलं
की तो आपणहून बर्फ उपसायला बाहेर गेला.

रविवारी ती वडिलांकडे गेली.
आर्मास, वय एक्याऐंशी,
याच गिरणीत तिसऱ्या मशीनवर एकतीस वर्षं.
सूप गार होईस्तोवर तेच बोलत राहिले:
"एका रात्री कागद अखंड,
दुसऱ्या रात्री फाटून फाटून जीव नकोसा.
तीनदा मशीन खोलली. काही सापडेना.
मग लक्षात आलं, वाइनोची पाळी असली की फाटतो.
खुर्ची मांडायचा हीटरजवळ, सुक्या टोकाला.
ओल्या टोकाची घंटा झाली की शंभर मीटर धावत यायचा.
धावायचा, बरं का. आळशी नव्हता.
पण तोवर कागद गेलेला."

तिचा चमचा हातातून गळला वगैरे नाही.
तिने भांडी घासली, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरल्या,
आणि सोमवारी वेगाच्या शेजारी
एक नवा रकाना आखला:
काम कुठल्या कोअरवर बसलं होतं?

तीनवर, चौऱ्याण्णव.
एकोणतीसवर, एकेचाळीस.
अकरावर, त्र्याण्णव.
सत्तावीसवर, चाळीस.
पुढच्या ओळी तिने न बोलता भरल्या.

एका सर्व्हरच्या पोटात दोन प्रोसेसर,
ज्याची मेमरी त्याच्या उशाशी,
आणि कार्ड जोडलेलं पहिल्याच्या अंगणात.
कर्नल दर वेळी जागा पाहून काम बसवणार,
कधी अलीकडे, कधी पलीकडे.
पलीकडे बसलं की प्रत्येक पॅकेटाला
मधला अरुंद पूल ओलांडणं आलं.
धावायची ती सगळी. आळशी नव्हती.

तिने काम, इंटरप्ट, मेमरी,
तिन्ही एकाच प्रोसेसरच्या दावणीला बांधली.
चौऱ्याण्णव. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव.
एकतिसाव्या फेरीला अठ्ठ्याऐंशी.
"चालतंय की," रेइमा म्हणाला.
तिने घड्याळात पाहिलं, चार दहा,
आणि आणखी एक रकाना आखला.

संध्याकाळी फोनवर तिने विचारलं,
"बाबा, शेवटी वाइनोची खुर्ची हलवलीत का?"
"खुर्ची कशाला?" ते म्हणाले,
"हीटर हलवला."